स्वस्तातला लॅपटॉप

(द्वितीय वर्ष, कला)

लॅपटॉप ही शास्त्र शाखेच्या, नाही तर बी.सी.ए.च्या मुलांनी बाळगायची वस्तू आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला वही, पेन आणि ग्रंथालयाचे कार्ड एवढे पुरे आहे, असा एक समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. तो घरच्यांचा आहे, गावातल्या लोकांचा आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या काही प्राध्यापकांचाही आहे. "मराठी आणि समाजशास्त्र घेतलंस ना, मग तुला कशाला पाहिजे कॉम्प्युटर?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात निदान दहा जणांनी विचारला. त्या दहांना एकदाच काय ते उत्तर द्यावे, आणि जमल्यास माझ्यासारख्याच घरांतून आलेल्या मैत्रिणींच्या व मित्रांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलला आणि आमच्या वर्गाच्या वाट्याला क्षेत्रीय प्रकल्प आला. गावात जायचे, लोकांना भेटायचे, माहिती गोळा करायची आणि ती तीस-पस्तीस पानांत टंकलिखित करून द्यायची. कल्पना उत्तम आहे. माझा विषय 'आमच्या गावातील महिला बचत गट' हा होता, आणि त्यानिमित्ताने ज्या बायकांना मी लहानपणापासून मावशी, काकू म्हणत आले त्या महिन्याला किती आणि कशी रक्कम फिरवतात हे मला प्रथमच कळले. लिहायला हात शिवशिवत होते. प्रश्न 'टंकलिखित' या एका शब्दाचा होता.

बार्शीत टंकलेखनाची दुकाने पुष्कळ आहेत. दर पानाला पंचवीस रुपये. माझी ३२ पाने झाली, म्हणजे ८०० रुपये. शिवाय दोन प्रती छापणे आणि बांधणी हे वेगळेच. बरे, पैसे देऊन तरी काम नीट झाले असते! सरांनी प्रकल्प ई-मेलने मागितला. दुकानातून फाइल पाठवली, ती सरांकडे उघडली तेव्हा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता चिवडा. कारण दुकानदाराने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेखन केले होते. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राहते, फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट ज्याच्या यंत्रात नाही त्याला मुखवट्यामागचे दिसते. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो १९९१ पासून आहे. तीस वर्षे उलटली तरी आमच्या तालुक्यात पानाला पंचवीस रुपये देऊन मुखवटेच विकत घ्यावे लागतात!

येथे कोणी म्हणेल, की मग टंकलेखनाचे पैसे वाचावेत म्हणून लॅपटॉप घे. हे गणित मी वहीत मांडून पाहिले आहे. वर्षाला असे तीन प्रकल्प धरले तर २,४०० रुपये. पदवीपर्यंतच्या दोन वर्षांचे ४,८००. एवढ्यात कोणताही लॅपटॉप येत नाही. तेव्हा पैसे वाचवण्यासाठी लॅपटॉप घ्यावा असे मी म्हणणार नाही. माझे कारण निराळे आहे. सरांनी प्रकल्प वाचून सुचवले की, तिसरे प्रकरण आधी घे आणि कर्जफेडीचा तक्ता दुरुस्त कर. सूचना अगदी योग्य होती. पण दुकानात प्रत्येक बदलाचे पैसे पडतात आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. ज्याच्या घरी यंत्र आहे तो रात्री बसून प्रकरण चार वेळा लिहितो, आणि ज्याच्या घरी नाही तो पहिलाच खर्डा सादर करतो. गुण देताना मात्र दोघांचे कागद एकाच टेबलावर असतात. आमच्यासारख्यांचे लेखन कच्चे असते, अशी तक्रार आपण वर्गात ऐकतो. ते कच्चे का राहते याचे एक कारण हे आहे.

आता मोबाइलविषयी. मोबाइलवर काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिल्या वर्षाचे सर्व गृहपाठ मी मोबाइलवर केले. मराठी बोलले तर मोबाइल ते बऱ्यापैकी टिपून घेतो. मराठी विश्वकोश मोबाइलवर वाचता येतो. प्राध्यापकांनी पाठवलेल्या टिपणांसाठी तर मोबाइलच सोयीचा. माझ्या एका मैत्रिणीने आठशे रुपयांचा बिनतारी कळफलक घेऊन मोबाइलला जोडला आहे आणि दहा-बारा पानांपर्यंत ती कोणाला हार जात नाही. ज्यांना एवढेच काम आहे त्यांनी कळफलक घ्यावा आणि उरलेले पैसे घरी ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण सुरू होते ती पुढे. एका बाजूला मुलाखतीची टिपणे, दुसऱ्या बाजूला स्वतःचे लेखन असे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवायचे म्हटले, तक्ता करायचा म्हटला, तिसाव्या पानावरचा परिच्छेद सहाव्यावर आणायचा म्हटला, की तळहाताएवढा पडदा पुरत नाही. शिवाय घरात मोबाइल एकाच व्यक्तीचा असतो असे थोडेच आहे! आमच्या घरचा मोबाइल संध्याकाळी भावाच्या आयटीआयच्या अभ्यासाला लागतो, आणि मामाचा फोन आला की अभ्यास थांबतो.

म्हणून घ्यायचे ठरले. पैसे कोठून आले हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण लॅपटॉपचा विचार पैशापासून तोडून करणे आमच्या घरात शक्यच नाही. लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्ट २०२४ पासून आईच्या खात्यात येऊ लागले. महिना १,५००. त्यातले काही किराण्यात गेले, काही दवाखान्यात. पण बारा महिन्यांचे म्हणून १८,००० रुपये तिने कसोशीने बाजूला ठेवले होते. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी दोन हजार घातले. एकूण वीस हजार. आमच्याकडे खुरपणीची हजेरी तीनशे रुपये आहे. वीस हजार म्हणजे सहासष्ट दिवस उन्हात वाकून बसणे. या हिशेबाने पाहिले म्हणजे जाहिरातीतला 'फक्त' हा शब्द फार विनोदी वाटू लागतो.

सोलापूर आमच्यापासून सत्तर किलोमीटर. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मी आणि आई अशा दोघी एकाच्या भाड्यात गेलो. मोठे, काचेचे, थंडगार दुकान. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "बजेट किती आहे, ताई?" मी म्हटले, "काम काय आहे ते आधी सांगू का?" तो म्हणाला, "काम सगळंच होतं यावर." आणि बजेट कळताक्षणी त्याने एक चकचकीत, पातळ, निळा लॅपटॉप समोर ठेवला. किंमत १९,९९०. आईला रंग आवडला.

त्या निळ्या लॅपटॉपच्या खोक्यावर जे लिहिले होते त्यातल्या तीन गोष्टी येथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम त्यांतच आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्या वाचता येतात.

पहिली गोष्ट रॅम. खोक्यावर ४ जीबी होते. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. डबे फडताळात असतात. पण भाजी चिरायची, पीठ मळायचे ते ओट्यावर. ओटा लहान असेल तर परात ठेवायला पोळपाट उचलावा लागतो. विंडोज ११ चालवायला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, असे ती तयार करणारी कंपनीच सांगते. कमीत कमी म्हणजे नुसते घर उघडण्यापुरते. त्यावर एक लेख, एक तक्ता आणि इंटरनेटची चार पाने उघडली की सगळे अडते. ८ जीबी असावी, हे मी आता डोळे मिटून सांगेन.

दुसरी गोष्ट साठवण, म्हणजे फडताळ. खोक्यावर ६४ जीबी ईएमएमसी असे लिहिले होते. विंडोज ११ ची किमान अट नेमकी ६४ जीबीचीच आहे. म्हणजे पाहुणा येतो तो पलंग, कपाट आणि अर्धी ओसरी व्यापूनच बसतो! अद्ययावत करण्याची वेळ आली की जागा नाही म्हणून यंत्र कुरकुरते. ईएमएमसी ही मोबाइलमध्ये वापरतात त्या जातीची साठवण. ती मुख्य पट्टीवर झाळून बसवलेली असते, काढून मोठी घालता येत नाही. याउलट एसएसडी नावाची साठवण जलद असते, आणि बहुतेक यंत्रांत पुढे बदलताही येते. २५६ जीबीची एसएसडी आपल्याला पदवीपर्यंत आणि पुढेही पुरते.

तिसरी गोष्ट प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा गडी. त्या लॅपटॉपात सेलेरॉन होता, दोन गाभ्यांचा. सेलेरॉन हे नाव इंटेल कंपनीनेच २०२३ पासून नव्या लॅपटॉपांवरून काढून टाकले. पण दुकानांतून ते अजून गेलेले नाही. प्रोसेसरचे नाव पाहून भुलू नये, त्यापुढचा आकडा पाहावा. आय-फाइव्ह म्हटले की विक्रेता अशा थाटात बोलतो की जणू पुढे विचारायचे काही उरलेच नाही. पण आय-फाइव्ह ७२०० हा सातव्या पिढीचा आहे आणि त्यात दोन गाभे आहेत. आय-फाइव्ह ८२५० हा आठव्या पिढीचा, त्यात चार. आकडा ७ ने सुरू झाला तर सातवी पिढी, ८ ने तर आठवी, १० किंवा ११ ने तर दहावी-अकरावी. इतकेच लक्षात ठेवायचे. इंटेलच्या यंत्रांपैकी विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढच्यांवरच रीतसर चालते, म्हणून सात आणि आठ यांमध्ये पुष्कळ अंतर आहे.

मी निळा लॅपटॉप घेतला नाही. आई परतीच्या गाडीत थोडी नाराज होती. नवी वस्तू, नवे खोके, वर्षाची हमी सोडून आपली पोरगी रिकाम्या हाताने का आली, हे तिला कळेना. तिचे चुकत नव्हते. आमच्या घरात आजवर बहुतेक वस्तू कोणाच्या तरी वापरून झालेल्याच आल्या. पैसे देऊन जुनेच आणायचे, यात तिला कमीपणा वाटत होता.

स्वस्त संगणकाची ही गोष्ट काही आजची नाही. अमेरिकेतील एम.आय.टी.चे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. २००७ साली तो प्रत्यक्ष तयार होऊ लागला तेव्हा त्याची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास पोहोचली होती. आपल्या केंद्र सरकारने २००६ सालीच त्याला नकार दिला. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत तो प्रयोगादाखल आला. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली, आणि तिथल्या शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचे दिसले नाही. आपणही मागे राहिलो नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' या टॅबलेटचे दिल्लीत अनावरण झाले. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या घरात पडत होता. २५६ एमबी रॅम, आणि बोट दाबून धरावे तेव्हा प्रतिसाद देणारा पडदा! मी तेव्हा अंगणवाडीच्या वयाची होते, त्यामुळे ते कौतुक मला आठवत नाही. पण ज्या महाविद्यालयांत ते टॅबलेट गेले तिथे आज ते कोणाच्या कपाटात पडले असतील याची कल्पना करता येते. २०२३ साली १६,४९९ रुपयांचा जिओबुक आला. किलोच्या आत वजन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. इंटरनेटवर वाचणाऱ्याला आणि व्याख्याने पाहणाऱ्याला तो पुरेसा होईल.

या सगळ्या खटाटोपांत मला एक साम्य दिसते. आधी किंमत ठरली, मग त्या किमतीत काय बसेल ते कोंबले, आणि मुलाला त्यावर नेमके काय करायचे आहे हा प्रश्न शेवटी आला. सोलापूरच्या दुकानातल्या त्या मुलाचा पहिला प्रश्नही हाच नव्हता का? गरिबाचे बजेट विचारले जाते; गरिबाचे काम कोणी विचारत नाही. श्रीमंताच्या मुलाने वीस हजारांचे यंत्र घेतले आणि ते वर्षाने रखडू लागले तर तो दुसरे घेईल. आमच्याकडे ते सहासष्ट दिवस पुन्हा येत नाहीत.

मग पर्याय कोणता? माझ्या मते, कचेरीत वापरलेला जुना लॅपटॉप. पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपल्या नोकरांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. मोडतात म्हणून नव्हे, तर ठरलेली मुदत संपते म्हणून. ही यंत्रे घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात. तिथे साफसफाई, थोडी दुरुस्ती होते आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून ती जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यांतली नेहमीची नावे. नवी असताना यांच्या किमती आपल्या आवाक्याबाहेरच्या होत्या. रोज आठ तास टंकलेखन सोसावे म्हणून त्यांचे कळफलक बनवलेले असतात, बिजागऱ्या मजबूत असतात आणि झाकण स्क्रूने उघडता येते. रंग काळा किंवा राखाडी. देखणेपणाच्या नावाने आनंदच.

मी जे यंत्र घेतले ते असेच आहे. आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. १७,५०० रुपये, पक्के बिल आणि सहा महिन्यांची हमी. या वेळी अण्णा आले होते. जुने घेणे त्यांना मुळीच वावगे वाटले नाही. ज्यांचा जन्म यार्डात गेला त्यांना माल पारखणे नवीन नाही. पोत्यात सळई घालून आतली ज्वारी तळहातावर घेतल्याशिवाय व्यापारी बोली लावत नाही, हे त्यांनी दुकानदाराला तिथेच ऐकवले. "तासभर चालू ठेवा, मग बोलू," असे म्हणून ते स्टुलावर बसले. दुकानदाराने चहा मागवला. त्या तासात मी माझी यादी पुरी केली: प्रत्येक कळ दाबून पाहिली, कॅमेरा, आवाज, वायफाय, चार्जर, पडद्यावरचे डाग, बिजागरी सैल आहे का. मागच्या मालकाच्या कंपनीचे कुलूप यंत्रात राहिलेले नाही ना, हे विशेष विचारले. तसे असेल तर एखाद्या दिवशी यंत्र परक्याचा पासवर्ड मागते आणि आपण बाहेरच. बॅटरीचा अहवालही काढायला लावला. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की तो निघतो आणि बॅटरी नवी असताना किती धारण करीत होती व आज किती करते, हे दोन आकडे त्यात असतात. माझ्या यंत्राचे दोन आकडे पाहून दुकानदाराने पाचशे रुपये आपणहून कमी केले, म्हणूनच ते १७,५०० झाले.

दोष आहेत, ते लपवीत नाही. बॅटरी अडीच तास जाते. आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा अडीच तास काही फार नव्हेत. वजन पावणेदोन किलो. बसस्टँडपासून वर्गापर्यंत खांद्याला जाणवते. सहा महिन्यांनंतर बिघडले तर खर्च आपला. ज्यांच्याजवळ पारख करणारे कोणी नाही, किंवा ज्यांना तीस हजारांपर्यंत सहज जाता येते, त्यांनी ८ जीबी रॅम आणि एसएसडीचा नवा लॅपटॉप घ्यावा. त्यांच्याशी माझा वाद नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे मी सांगितलेल्या किमती दुकानात जशाच्या तशा मिळतील असेही नाही. बिनव्याजी हप्त्यांविषयी मात्र एवढेच सांगते, की कागदावर सही करण्यापूर्वी 'प्रोसेसिंग फी' हा शब्द शोधावा.

आणखी एक सापळा सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने संपवला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात ढिगाने आले आहेत, नऊ-दहा हजारांना. 'विंडोज ११ टाकून देतो' असे विक्रेता म्हणतो. ते आडमार्गाने टाकलेले असते. पण हीच यंत्रे भंगारात घालण्याजोगी आहेत असेही नाही. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालते, त्यात लिबरऑफिस असते, आणि मराठी लिहिण्यात काहीही अडत नाही. माझ्या यंत्रावरही लिबरऑफिसच आहे. चोरीच्या ऑफिसपेक्षा ते बरे. फक्त फाइल जतन करताना सरांच्या संगणकावर उघडेल असा प्रकार निवडायचा.

मराठी टंकलेखनासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागते, हा गैरसमजही जावा. इन्स्क्रिप्ट हा कळफलक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवला, तो आज प्रत्येक विंडोजमध्ये असतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. कळांवर चिकटवायच्या मराठी अक्षरांचा कागद पन्नास रुपयांना मिळतो; तीन आठवड्यांत तो पाहावा लागत नाही. विंडोजबरोबर वर्षानुवर्षे येणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे, हे आपल्या मराठी विभागाच्या भित्तिपत्रकात यायला हरकत नाही.

आता थोडे प्राध्यापकांना उद्देशून, आदर राखून. सर, मॅडम, प्रकल्प टंकलिखितच पाहिजे असा आग्रह असेल तर संगणक कक्ष दुपारी एकला बंद होऊ नये. आमचे तास संपतात साडेबाराला, आणि अर्ध्या तासात पान होते एक. गावाकडच्या मुलींची शेवटची सोयीची गाडी साडेपाचची आहे. चारपर्यंत कक्ष उघडा राहिला तर त्या रोज तीन तास बसतील. त्या कक्षातली सहा यंत्रे विंडोज १० संपले म्हणून झाकून ठेवली आहेत, त्यांवर लिनक्स घालून द्यावे, बी.सी.ए.ची मुले एका शनिवारी ते करून देतील, मी विचारले आहे. प्रकल्पाच्या सूचनेत 'युनिकोडमध्ये' हा एक शब्द घालावा, म्हणजे टंकलेखनाच्या दुकानात आम्हाला भांडता येईल. आणि ज्यांना टंकलेखन शक्यच नाही त्यांच्या सुवाच्य हस्तलिखिताचे गुण कापू नयेत. रंगीत मुखपृष्ठाला गुण असतात की नाही, हे मला ठाऊक नाही. पण वर्गात सगळ्यांना ते असतात असे वाटते, आणि त्यापायी पोरे पन्नास-पन्नास रुपये घालतात.

मेच्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या तिघीजणी यंत्र घ्यायला सोलापूरला जाणार आहेत. चार यंत्रे एकदम घेतली तर प्रत्येकी काही सूट देऊ, असे त्या दुकानदाराने कबूल केले आहे, तेव्हा एक जागा शिल्लक आहे. माझी तपासणीची यादी ग्रंथालयातल्या सूचनाफलकाशेजारी लावली आहे. ती उतरवून घ्यावी, फाडून नेऊ नये. अण्णा येणार आहेत. त्यांना सोमवारी यार्ड असते, म्हणून वार रविवार धरला आहे. दुकान उघडे असते का, ते मी फोन करून विचारले आहे, अकरानंतर असते.